एका हंगामाच्या माश्या

मार्गशीर्षातल्या गारठ्यात यसूबाई साखरेच्या पाकाच्या वाटीत गवताच्या काड्या पसरत होती. काड्यांवर बसून प्यायल्या की मधमाश्या बुडत नाहीत. तेवढ्यात माश्या पुरवणाऱ्या कंपनीच्या नेवसे मॅडम आल्या आणि थेट मधपेटीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"मावशी, कशाला साखर घालवताय? प्रयोगशाळेत घडवलेल्या माश्या या, एका हंगामापुरत्या. थंडीत यांची राणी अंडी घालायचीच नाही. पेटी आपोआप रिकामी होते, मग नव्या माश्या आम्ही देतो."

"यांना सांगितलंय का कुणी तसं?" यसूबाईने वाटी अलगद पेटीत सरकवली.

"हंगाम संपला, पेटी आज मला न्यावीच लागेल. अडवलंत तर पुढच्या हंगामात तुमच्या सूर्यफुलाला माश्या मिळायच्या नाहीत."

"नका देऊ. आहेत माझ्याकडे."

मॅडमच्या पाठीमागे गुणगुण वाढत चालली होती. त्यांनी वळून पाहिलं. रानातून परतलेल्या माश्या वाट अडल्यामुळे हवेतच घिरट्या घालत होत्या, आणि प्रत्येकीच्या पायांना परागाचे पिवळेधमक गोळे होते.

"पराग?" मॅडमचा आवाज उतरला. "पराग तर पिल्लांसाठी नेतात."

"मग आत पिल्लं असणारच की. पोटाला मिळालं, तशी राणीने तुमच्या प्रयोगशाळेची आज्ञा मोडली." यसूबाईने पेटीवर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला.

मॅडमचा हात तरीही पेटीकडे गेला.

"आधी बाजूला व्हा," यसूबाई म्हणाली. "त्यांच्या दारात उभ्या आहात तुम्ही."

मॅडम नकळत सरकल्या. माश्या एकामागून एक घरात शिरल्या.