सगळ्यांसाठी खुला

श्रीरंगच्या कृत्रिम डोळ्यांना आधी रंग दिसेनासे झाले, मग माणसांचे चेहरे पुसट होऊ लागले. नव्या अपडेटने बिघाड केला होता. जुना कोड परत घातला की दृष्टी वाचणार होती. तो कोड त्याच्या मोठ्या बहिणीने, हेमलताने, सोबत्यांना घेऊन लिहिला होता आणि साऱ्या जगासाठी खुला केला होता. त्याची एकमेव प्रत ठेवली होती मात्र एका कंपनीच्या ‘मंजूषा’ नावाच्या प्रणालीत.

हेमलताने कंपनीला फोन लावला.

“कोड तुमचाच आहे मॅडम, सगळ्यांचाच आहे,” पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली. “पण तो मंजूषाशिवाय उघडत नाही, आणि मंजूषाचे परवाने आता कुणालाच मिळत नाहीत.”

“मग तुम्ही उघडा आणि मला पाठवा. माझा भाऊ आंधळा होतोय हो!”

“आमच्याकडेही ती बंद पडलीय. ती चालवता येणारं कुणी इथे उरलंच नाही.” मुलगी हळूच म्हणाली, “माफ करा, ताई.”

हेमलताने आठवून आठवून कोड पुन्हा लिहायला घेतला. इतक्या जणांनी वर्षानुवर्षं केलेलं काम तिला एकटीला आठवेना. जमला तेवढा भाग घालून पाहिला, तेव्हा श्रीरंग वेदनेने ओरडला. तिने तो लगेच काढून टाकला.

“राहू दे ताई,” तो म्हणाला. “तू नुसती समोर बस. दिसतेस तोवर बघून घेतो.”

ती बसली. श्रीरंग तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून हसला. हेमलता आवाज न करता उठली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.