दुसरा मास्तर

“अब इस डिब्बे को उठाकर यहाँ रख दिया. दिख रहा है ना?” फोनमधला मास्तर म्हणाला.

प्रसन्नने चाचपडत व्हिडिओ थांबवला. कुठला डबा? आणि ‘इथे’ म्हणजे कुठे?

काचबिंदूने त्याची नजर गेल्या वर्षी गेली, तेव्हाच गुरुग्रामच्या कंपनीतलं नकाशे तपासायचं कामही सुटलं. प्रोग्रामिंग शिकलात तर दुसऱ्या विभागात घेऊ, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही देऊ, असं साहेबांनी सांगितलं होतं. मार्चपर्यंत मुदत होती.

पण शिकायचं कशावरून, इथेच घोडं अडलं. ऑफिसमधला मित्र साकेत म्हणाला, हाच व्हिडिओंचा कोर्स कर, सगळे यावरूनच शिकतात. भाची अवनी म्हणाली, मामा, व्हिडिओ बिल्कुल नको, आधी जाडं पुस्तक. त्याने पुस्तक फोनकडून वाचून घेतलं, तर ‘कंस सुरू, कंस बंद’ ऐकून डोकं भणभणलं. कुणी म्हणालं, गणितापासून सुरुवात कर. विचारावं त्याच्याकडे नवीनच सल्ला. शेवटी सगळ्यांचा कोर्स म्हणून तो साकेतच्या कोर्सकडे परत आला, तरी मास्तरने पडद्यावर काढलेले डबे काही सापडेनात. हे डोळस माणसांचं काम आहे, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी त्याची बायको रेवती ऑफिसातून मयूर विहारच्या घरी आली.

“साकेतला कळव, मला जमणार नाही,” तो म्हणाला.

“आधी मला बघू तरी दे.” ती पर्स न ठेवताच शेजारी बसली. तिने व्हिडिओ पहिल्यापासून लावला. मास्तर बोलत राहिला. व्हिडिओ संपला, तरी ती बोलेना. तिला आपली दया आली असणार, असं प्रसन्नला वाटलं.

“सांग की, काय दिसलं? मी वाईट वाटून घेणार नाही.”

“डबे दिसले. बाण दिसले,” ती चाचरत म्हणाली. “पण कुठला डबा कुठे गेला आणि का गेला, मला काही कळलं नाही रे.”

“पण तुला दिसत होतं ना?”

“अगदी स्वच्छ.”

प्रसन्न कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसला.

“बंद कर हा,” तो म्हणाला. “दुसरा मास्तर लाव.”