अकरा सह्या

जोड्या लागल्या आणि तिच्या वाट्याला सरांची खुर्ची आली.

"शेवटचा खेळ," प्रशिक्षिका बाई म्हणाल्या. "जोडीतल्या साहेबांनी हाताखालचं माणूस व्हायचं आणि हाताखालच्यांनी साहेब. हाताखालच्या माणसाला एक अवघड गोष्ट सांगायची आहे, ती चिठ्ठीत लिहिली आहे. साहेबांनी मधे न बोलता ऐकायचं आणि मग उत्तर द्यायचं."

सभागृहात हशा पिकला. मधे न बोलता ऐकणारा साहेब कुणी पाहिला नव्हता, आणि तिच्या सरांच्या तर ते स्वभावातच नव्हतं. ते चिडले की विभागातली झाडून सगळी माणसं कामाला लागत, ज्यांना काम नसे तीसुद्धा. विद्यापीठाने यंदा संशोधन-नीती आणि नेतृत्व असं दोन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. प्रमाणपत्र नसेल तर अनुदानाचा अर्जच घेणार नव्हते. म्हणून सर इथे आले, नाहीतर कुठले यायला.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. विषय बसचालकांच्या झोपेचा. अनुदान मिळालं तर पुढची पाच वर्षं चार जणांच्या नोकऱ्या टिकणार होत्या, आणि त्यातली एक तिची, सहायक संशोधकाची होती.

तिच्या पिशवीत अकरा संमतीपत्रं होती. अकरा चालकांच्या अकरा सह्या, आणि अकराही खोट्या. माणसाने लेखी संमती दिल्याशिवाय त्याची माहिती वापरायची नाही, हे बाई काल फळ्यावर लिहीत होत्या तेव्हा तिला बसल्या जागी घाम फुटला होता.

काल रात्री स्वयंपाक करताना तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की अकरा सह्या खोट्या आहेत.

"सर असे निघतील असं वाटलं नव्हतं," नवरा म्हणाला. "आणि सांगायचं कुणाला, तर त्यांनाच. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. पण सांगून टाक बाई. अशाने तुला झोप लागायची नाही."

ती भाजी चिरत राहिली.

सांगायचं तर तिच्याही मनात होतं. गेले आठ दिवस ती सरांच्या दाराशी जाऊन परत येत होती. एकदा हिय्या करून आत शिरली, तर "पंखा कमी करू का?" एवढंच विचारून बाहेर आली. सरांनी मान वर करून पाहिलं होतं, जरा जास्तच वेळ.

सभागृहात त्यांच्या जोडीचा नंबर आला. सर समोरच्या छोट्या खुर्चीत अंग चोरून बसले. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून टेबलावर ठेवली.

"मॅडम," सर म्हणाले. पुन्हा हशा.

"मॅडम, आपल्या संमतीपत्रांवरच्या अकरा सह्या खोट्या आहेत. त्या मी केल्या."

तिने पिशवी जवळ ओढून घेतली.

"चालक तोंडी हो म्हणाले होते," सर सावकाश बोलत होते. "कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांची दुसऱ्या डेपोत बदली झाली होती. मुदत जवळ आली. लबाडी करायची नव्हती, पण तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. तुम्ही फार ओरडता."

आता कुणी हसत नव्हतं. सर खाली मान घालून बसले होते. असे सर तिने पाच वर्षांत पाहिले नव्हते. तिला त्यांची भीती वाटली नाही, वाईट वाटलं. उत्तर तर द्यायला हवं होतं.

"ती अकरा पत्रं बाद करायची," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. "नीती समितीला आजच कळवायचं. चालकांना परत भेटायचं, मी बरोबर येईन. अनुदान गेलं तर गेलं." ती थांबली. "पण तुमची नोकरी जाऊ देणार नाही. तुम्ही होऊन सांगितलंत."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. तिला एकदम हलकं वाटलं. ज्याच्या भीतीने आठ दिवस घास गोड लागत नव्हता ते भरल्या सभागृहात बोलून झालं होतं आणि काही आभाळ कोसळलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत बाई चिठ्ठ्या गोळा करत होत्या. सरांची चिठ्ठी उघडून त्या थबकल्या.

"सर, यात तर रजेचं भांडण आहे. हे सह्यांचं कुठून काढलंत?"

"सुचलं," सर म्हणाले आणि व्हरांड्यात निघून गेले.

ती पिशवी घेऊन त्यांच्या मागे गेली. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. सर कठड्याला टेकून उभे होते.

"अकराही सह्यांचं वळण एकच दिसलं, म्हणून सोमवारी मी त्या दुसऱ्या डेपोत जाऊन आलो," ते म्हणाले. "अकरापैकी आठ जण भेटले. चांगली माणसं आहेत. सही द्यायला तयार आहेत."

"सर..." ती म्हणाली आणि पिशवीतली संमतीपत्रं काढू लागली.

"घाई नाही," सर म्हणाले. "मघाशी तुमच्या वतीने मी सांगितलं, आता तुम्ही स्वतः सांगा. उत्तर तुम्ही दिलंत तेच राहील."