राखणीचा सेल

“दोन्ही सेल सारखेच दिसतात की रे,” शांतम्मा म्हणाल्या. “मग ह्यात निवडायचं काय?”

सोलापुरातल्या त्या बॅटऱ्यांच्या दुकानात दुकानदार सोमशेखरला काउंटरवर वाकून ऐकावं लागत होतं. घशाच्या ऑपरेशननंतर शांतम्मांचा आवाज फुंकर घातल्यासारखा बारीक झाला होता. वळसंगच्या रानात ज्वारी चिकात आली होती, पाखरं थव्यानं उतरत होती आणि त्यांना हाकलायला आता आवाज उरला नव्हता. लेकानं सरळ सांगितलं होतं, “औंदा राखण जमली न्हाय तर पुढच्या साली तितं ऊस.” म्हणून पुण्याच्या नातीनं पाखरं उठवायला हा हिरव्या उजेडाचा लेसर धाडला. लाटण्याहून जाडसर, हातात धरायचा. पण सेलाविना. कुरियरवाले सेल नेत नाहीत म्हणे.

सोमशेखरनं निळा सेल उचलला. “हा लई साठवतो, अव्वा. पण देतो हळूहळू. तुमच्या लेसरला एकदम जोर लागतो, तितं हा मागं सरतो. उजेड फिका पडतो.” मग तांबडा उचलला. “हा साठवतो कमी. पण मागंल तेवढं एका दमात देतो.”

शांतम्मांना मोठी गंमत वाटली. त्यांच्या सासूबाई दिवसभर रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसून ‘हाऽ हाऽ’ करत राहायच्या. पाखरं खुशाल दाणे टिपायची. सासरे एकदाच ओरडायचे, तर ओढ्यापलीकडचा थवासुद्धा उठायचा. मग त्यांचा घसा असा बसायचा, की जेवायला वाढ म्हणूनही खूण करावी लागायची. ती दोघं ह्या एवढ्याशा नळकांड्यांत येऊन बसली होती तर!

“निळा घाल बघू. टिकणारा बरा. आमच्याकडं लाईटचा काय भरवसा? चार्जिंग कधी करू?”

दुकानामागच्या बोळात सोमशेखरनं त्यांच्या डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा चढवला, स्वतःही एक घातला. समोर बंद गोदामाची उंच भिंत होती. पत्र्याच्या कडेखाली एक कबुतर बसलं होतं.

शांतम्मांनी बटण दाबलं. भिंतीवर एक फिकट ठिपका पडला. कबुतर आपलं चोचीनं पंख विंचरत राहिलं. त्यांनी ठिपका वर वर सरकवत वीतभर अंतरावर नेला. कबुतरानं मान वाकडी करून पाहिलं, एवढंच.

“अंगावर घ्या की, अव्वा. डोळ्यावर मारलं की उडतंय बघा.”

शांतम्मांचं बोट बटणावरून सुटलं.

“मला हा चष्मा कशापायी घातलास?”

“डोळा जाईल म्हणून.”

“आणि त्याचा?”

सोमशेखर हसला. “त्याला कुठला चष्मा घालायचा आता!”

शांतम्मा हसल्या नाहीत. परकर नेसायच्या वयात त्यांच्या हाती गोफण आली, तेव्हा आईची एकच ताकीद होती. दगड पाखरावर टाकायचा नाही, पलीकडच्या बांधावर टाकायचा. गोफणीचा फटका ऐकूनच थवा उठला पाहिजे.

“तांबडा घाल.”

“लवकर दमतो बरं का. सकाळी वापरला की सांजच्याला पुन्हा भरावा लागंल.”

“दमू दे. लाईट येईल तेव्हा उठीन की मी. घाल तू.”

त्यांनी पुन्हा लेसर उचलला. या वेळी जवळ नेलाच नाही. कबुतरापासून चांगला दोन-तीन हात खाली, उघड्या विटांवर धरला आणि बटण दाबलं. भिंत हिरवी पेटल्यासारखी झाली. पत्र्याखाली जोराची फडफड झाली आणि कबुतर गोदामावरून पार झालं.

“उडालं, पण नेम लई लांब गेला, अव्वा,” सोमशेखर म्हणाला. “जरा शिकावं लागंल.”

शांतम्मांनी बटण सोडलं, चष्मा काढला आणि कपाळावर हात धरून वर पाहिलं. कबुतरानं आभाळात एक मोठं वळण घेतलं आणि खाली येऊन बोळावरून गेलेल्या विजेच्या बारक्या तारेवर अलगद पाय टेकले.

“तार दिसली त्याला,” शांतम्मा म्हणाल्या.