तीन नंबरचं रक्त

लाल पिंजऱ्यातल्या चार उंदीरमाद्या आतून स्वच्छ निघाल्या. राहिली तीन नंबरची. तिचं पोट उघडलं आणि मालेनेचा चिमटा थबकला. गर्भनळी पाण्यानं टम्म फुगली होती.

"लस टोचलेली ना ही?" बोडिलनं विचारलं. ओडेन्स विद्यापीठाच्या त्या उंदीरघरात तीस वर्षं तिचंच राज्य. पोरी डॉक्टर होऊन निघून जात, पिंजरे तिचेच राहत.

"टोचलेलीच. क्लॅमिडियाचे जंतू आत सोडले तरी हिला काही व्हायला नको होतं." मालेनेनं तोंडावरची पट्टी खाली ओढली. "बोडिल, शुक्रवारी माझा प्रबंध जायचाय. तुम्ही एवढंच लिहा, की पिंजरे धुताना निळ्यातली तीन नंबरची इकडे आली. बिनलशीची. मग हिला मोजायला नको."

"माझ्या हातून अदलाबदल? तुझे दुधाचे दात पडत होते, पोरी, तेव्हापासून मी इथे आहे!"

बोलली खरी, पण तिचा पाय एका जागी ठरेना. मंगळवारी तिनं लाल-निळ्या दोन्ही पिंजऱ्यांची झाकणं एकदम काढली होती. दोन्हींतून एकेका मादीनं टेबलावर उडी मारली. दोघी काळ्या, दोघींच्या कानाला तीन नंबरचीच खाच. तिनं अंदाजानं आत टाकल्या आणि कुणी पाहिलं नाही ना, ते पाहून घेतलं.

ती नळापाशी गेली, धुतलेले हात पुन्हा धुतले, परत आली.

"झालीय अदलाबदल. मंगळवारी. माझ्याच हातून."

मालेनेनं हसून तिला कोपरानं ढोसलं. "काय बेमालूम खोटं बोलता हो! क्षणभर मलाही खरं वाटलं."

बोडिलचे कान तापले. बर्फात ठेवलेली कुपी तिनं उचलली आणि मालेनेपुढे आदळली. मघाशीच काढलेलं तीन नंबरचं रक्त.

"लस टोचलेली असेल तर यात दिसेल ना? तपास."

मालेनेचं हसू गेलं. "कागदावर लिहिलंत की झालं. तपासायची काय गरज?"

"मला आहे. मी खोटारडी नाही."

यंत्र सुरू झालं. निकालाला तीन तास होते. बोडिल बसली, उठली, पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली. आपलीच चूक निघावी, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.