भिंतीवरचं शून्य

खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक पलंग, पुस्तकांची तीन खोकी आणि एक म्हातारा संगणक होता. टेबलाच्या एका पायाखाली चार घड्या घातलेला पुठ्ठा. दोन गोल पेनं पेल्यात उभी, कारण टेबलावर ठेवली की घरंगळून खाली जायची. आणि पलंगाच्या वर भिंतीला पक्की चिकटवलेली, साबणाच्या वडीएवढी धातूची डबी.

डबी तिने स्वतः बनवली होती. ज्याला चिकटवावी ते किती कललं, हे ती सांगायची. पूल असो, टाकी असो, मनोरा असो. सरांची अट एकच होती: स्थिर भिंतीवर डबीने शून्य धरून दाखवायचं. धरलं तर प्रयोगशाळेतली जागा तिची. नाही तर दुसरा उमेदवार बाहेर बसलेलाच होता.

शून्य मात्र टिकेना. चिकटवली तेव्हा भिंत ओळंब्यात होती, तिने दोनदा तपासलं होतं. पण संगणकावरचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकायचा. रोज सकाळी ती तेवढी चूक वजा करायची आणि उरलेलं शून्य सरांना पाठवायची.

"वजाबाकी करून आणलेलं शून्य मला नको," सर फोनवर म्हणाले. "भिंती चालत नसतात. तुमचा संगणकच भरकटतोय. तो बदला."

तिलाही ते पटलं. संगणक सुरू झाला की ट्रॅक्टरसारखा घरघरायचा, तापला की वाटेल ते बोलायचा. डबीचे आकडे वाचणारं कार्ड दादाच्या लॅपटॉपमध्ये बसत नव्हतं आणि डबी हलवली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिने नवा संगणक मागवला, आणि तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्यांदा दुकानातून फोन आला तो असा: "मॅडम, तुमच्या इमारतीची लिफ्ट मध्येच अडकलीय. सहा मजले खोकं चढवायला माणूस नाही. परत नेतोय."

दुसऱ्यांदा लिफ्टवाला दुरुस्ती करून गेला होता, तर गल्लीच बंद. शेजारी नव्या इमारतीचा पाया खणत होते. खड्डा कुंपणापर्यंत आला होता, गाडी आत येईना.

"त्या खड्ड्यात पडो तुमची गाडी," ती म्हणाली. अर्थात फोन ठेवल्यावर.

दादा न्हाणीघराच्या दाराला रंधा मारत बसला होता. दार पुन्हा चौकटीत अडकत होतं. गेल्याच आठवड्यात त्याने ते तासलं होतं.

"काय तराजूबाई, आली का स्वारी?" त्याने विचारलं. लहानपणी ती गोळ्यासुद्धा मोजून वाटायची, तेव्हापासून हे नाव चिकटलेलं.

"नाही."

"बिचाऱ्या म्हाताऱ्या संगणकाला किती बोल लावशील? नाचता येईना, अंगण वाकडं."

"तू दार नीट कर आधी. दर आठवड्याला तासतोयस. शेवटी चौकटच उरेल."

"लाकूड फुगतं गं."

"फुगतं खरं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "माझं कपाटही फुगलंय वाटतं. बंद केलं तरी आपोआप उघडतं. मेलं भूत शिरलंय."

एवढ्या कोरड्या हवेत लाकूड कसं फुगतं, असा प्रश्न तिच्या मनात डोकावला. तो नीट धरून विचार करणार, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, खाली उभा आहे. लिफ्ट पुन्हा बंद. पण आज घेऊनच येतो, रोज रोज कोण ऐकून घेणार?"

ती दारातच उभी राहिली. माणूस वर पोचला तेव्हा घामाने निथळत होता. त्याने खोकं टेकवलं आणि भिंतीला हात लावून दम खाल्ला.

"जिना विचित्र आहे तुमचा," तो म्हणाला. "सारखा कठड्याकडेच ओढला जात होतो. जेवलो नाही सकाळपासून, त्यामुळे असेल."

आईने त्याला पाणी दिलं, वर लाडू दिला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने खोकं फाडलंसुद्धा होतं.

जुना संगणक बंद करण्याआधी तिने शेवटचा आकडा पाहिला. ०.८१ अंश.

"खोटारडा," ती म्हणाली आणि तार उपटली.

डबी शून्य स्वतःच्याच पोटात जपून ठेवायची. संगणकाने फक्त तिचा आकडा वाचायचा. तिने कार्ड नव्यात बसवलं, स्क्रू आवळले, तार जोडली. नवा संगणक सुरू झाला तो आवाजच न करता. खोलीत अचानक इतकं शांत झालं की शेजारच्या खड्ड्यातली यंत्रं स्वच्छ ऐकू आली. भिंतीत कुठेतरी बारीक कटकट झाली.

"दादा, ये इकडे," तिने हाक मारली. "शून्य कसं दिसतं ते बघून घे."

"आलो असतो," न्हाणीघरातून त्याचा आवाज आला. "दार उघडत नाहीये."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही गं. आता अगदी घट्ट बसलंय."

पडद्यावर पहिला आकडा उमटला. ०.८१.

ती हसायला गेली आणि थांबली. तिने तार तपासली. ठीक होती. कार्ड तपासलं. ठीक होतं. आई काहीतरी विचारत होती. कपाटातून काहीतरी पडून फुटलं. टेबलावरचा पेला हळूच सरकत काठापर्यंत गेला, दोन्ही पेनांसकट.

डबी दर मिनिटाला मोजायची.

०.८४.

०.९३.

१.३७.