उलटी बाजू

ग्रॅहम दारातच बूट काढायला वाकला आणि कांचनने त्याचा किल्ट, तो स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, मागून नीट बघून घेतला. साखरपुड्याला आलेल्या व्याह्यांना असं मागून न्याहाळणं शोभत नाही, हे तिला कळत होतं. पण पुढून बघायचं तर हसावं लागतं, आणि हसता हसता पारख होत नाही.

निऱ्यांवरच्या चौकटी एकमेकींशी जुळत नव्हत्या. हिरवी पट्टी एका निरीवर जिथे, तिथून बोटभर खाली शेजारच्या निरीवर. कापडाला लोकरीचा जडपणा नव्हता. होती ती चकाकी, शाळेच्या गणवेशाला असते तशी.

स्वयंपाकघरात येऊन ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "हा तो नाहीच."

"कोण तो?" प्रल्हाद पेढ्यांचं ताट शोधत होता.

"अहो, किल्ट! त्यांच्या थोरल्याच्या लग्नाचा फोटो अनयाने दाखवला नव्हता का? जाड लोकरीचा, चामड्याचे पट्टे, चांदीची बक्कलं. काय रुबाब होता! आणि आपल्याकडे येताना हा कॅज्युअल. मॉलमध्ये जायचा."

"कम्फर्टेबल वाटत असेल गं त्यांना. जुलै आहे."

"एसी लावलाय मी."

प्रल्हादचं सगळं आयुष्य इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेलं होतं. माणसं तपासायचं खातं पहिल्यापासून कांचनकडे. ज्या घरात आपली एकुलती एक मुलगी जायची, त्या घराच्या लेखी आपली किंमत काय, एवढंच तिला आज कळून घ्यायचं होतं. थोरल्याच्या लग्नाला भारीतला आणि आमच्या अनयाला हलका, म्हणजे उत्तर जवळजवळ मिळालंच होतं.

पदर सारखा करत ती बाहेर आली. आज तो सारखा घसरत होता. सासूबाईंची खरी, हातमागावरची पैठणी मलमलीत गुंडाळून कपाटात होती, लग्नासाठी. आजची ही सेमी, मशीनवरची. 'यांच्यासाठी कशाला ती काढायची, कुणाला काय कळतंय,' असं ती सकाळीच म्हणाली होती, आणि लगेच विसरूनही गेली होती.

पूजा सुरू झाली. ग्रॅहम गुडघे जुळवून सतरंजीवर बसला, एक हात सारखा कमरेवर. आता उठतो की काय, अशी ती बैठक. गुरुजींनी संकल्प सांगितला, अनयाने आणि ग्रॅहमच्या धाकट्याने, रॉसने, एकमेकांना अंगठ्या घातल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा हात काही कमरेवरून हटेना. घाई झालीय वाटतं, कांचनने मनात नोंदवलं.

अक्षता द्यायला ती त्याच्यापाशी वाकली. चार दाणे मुद्दाम सतरंजीवर सांडले, आणि ते वेचता वेचता किल्टची कड चिमटीत धरून हळूच उलटली. मशीनची शिवण. एक दोरा लोंबत होता. पैठणी घेताना पदर उलटून बघायची सवय तिला सासूबाईंनी लावली होती. कापडाचं खरंखोटं मागूनच कळतं, असं त्या सांगायच्या.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?" अनया दातांतल्या दातांत म्हणाली.

"तांदूळ वेचतेय."

जेवायला बसल्यावर मात्र तिला राहवेना. पुरी वाढता वाढता तिने इंग्रजीत, अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमचा तो दुसरा किल्ट, फोटोतला, किती सुंदर आहे! आज नाही घातलात?"

"आई, प्लीज. नॉट नाऊ."

ग्रॅहमचा चेहरा लाल झाला. "तो माझ्या आजोबांचा," तो म्हणाला. "त्याला चामड्याचे तीन पट्टे आहेत. देवासमोर चामडं चालणार नाही, असं रॉसने सांगितलं. मी पट्टे उसवायला बसलोही होतो. पण टाके आजोबांच्या वेळचे, कात्री लावायला हात होईना. मग हा मागवला. हा चांगला नाही, कळतंय मला. इथे सगळं वेल्क्रो आहे." कमरेवर थाप मारून तो हसला. "सकाळपासून श्वाससुद्धा जपून घेतोय."

प्रल्हाद मोठ्याने हसला. कांचनची कानशिलं तापली. त्या कमरेवरच्या हाताचा आपण काय काय अर्थ लावला, हे आठवून तिला पुरीचं ताट घेऊन सरळ आत निघून जावंसं वाटलं.

"तुमच्या साडीबद्दल मात्र अनयाने सांगितलंय," ग्रॅहम पुढे म्हणाला. "हातमागावरची, विणायला कित्येक महिने लागलेली. मागची बाजूसुद्धा अगदी पुढच्यासारखीच दिसते म्हणे. मी बघू का?" आणि उत्तराची वाट न बघता तो नॅपकिनला हात पुसायला लागला. एकेक बोट, श्रीखंडाचा डाग पडू नये म्हणून.

"दाखव ना, आई!" अनया म्हणाली.

कांचनने पदर पुढे ओढला, उलटी बाजू आत घेतली आणि कमरेला घट्ट खोचला.

"आधी पुरी घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

ग्रॅहमने पुरीला हात लावला नाही. पुसलेले दोन्ही पंजे समोर धरून तो तसाच बसून राहिला.